कोऱ्या तेलाची धार

शनिवारी सकाळी, घरासमोरच्या सिमेंटच्या वाटेवर, आपल्या जुन्या स्टेशन वॅगनमध्ये नवे तेल ओतत असताना ॲल्विन पॅस्कोच्या हातातील डब्यातून पडणारी धार मध्येच तुटली. दुसऱ्या कोणाला त्यात काही विशेष वाटले नसते. जुलैची थंडी होती, दक्षिण गोलार्धातला ऐन हिवाळा, आखातावरचा वारा कुंपणाचे पत्रे हलवीत होता, आणि अशा थंडीत हे तेल कसे पडते हे त्याच्या मनगटाला पाठ होते. नरसाळ्याशी पोहोचल्यावर ते सरळ आत शिरत नसे. जड रेशमी पट्टी ठेवावी तसे स्वतःवरच घडी घालीत क्षणभर रेंगाळे. डबा मागे कलता केला की धार बारीक होई, केसाएवढी होई, लोंबे, आणि मग तिचे वरचे टोक आखडून डब्यात परत जाई. आज तेल नुसते पडले, पाणी पडावे तसे, आणि डबा मागे घेताच थेंब थेंब होऊन संपले. त्याने डबा खाली ठेवला, अंगठा आणि तर्जनी यांमध्ये एक थेंब चोळला आणि बोटे नाकाशी नेली. वासात काहीतरी शिळे होते, एकदा कोणाच्या तरी घरी शिजून उरलेले अन्न पुन्हा ताटात वाढावे तसे. डब्यावर कॉलिन नोस्केच्या कारखान्याचे लाल-काळे चिन्ह होते आणि त्याखाली ती लहानशी हिरवी चिठ्ठी: स्वतंत्र प्रयोगशाळेत तपासलेले. प्रयोगशाळा ॲल्विनची होती. ती चिठ्ठी छापण्यापूर्वी जो दाखला लागे, त्याच्यावर सही त्याची असे.

तो वाद घालणारा माणूस होता, आणि त्याचे सर्वांत दीर्घ वाद स्वतःशीच चालत. अंगठा हे काही उपकरण नव्हे, असे त्याने स्वतःला बजावले. नाक तर मुळीच नव्हे. नाकाला आदल्या रात्रीचे जेवण आठवते, सर्दी आठवते, नको तेवढे सगळे आठवते. शिवाय हा डबा कॉलिनच्या हातून आलेलाच नव्हता. दर हिवाळ्यात कॉलिन स्वतः एक चंदेरी, कोरा डबा घेऊन येई, आणि ते दोघे मिळून गाडीचे तेल बदलीत. यंदा कॉलिनच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली होती, तेव्हा ॲल्विनच्या बायकोने, मार्लीनने, दूध आणायला जाता जाता पेट्रोल पंपावरून हा डबा उचलून आणला. म्हणजे कॉलिनचे तेल बाजारातून येऊन या घरात शिरण्याची ही पहिलीच वेळ, हे त्याच्या आत्ता ध्यानात आले, आणि ध्यानात येताच ते विसरावेसे वाटले. त्याने इंजिनाच्या तळाच्या चेंबरचा नट सोडून आत गेलेले थोडेसे तेलही काढून टाकले. गाडी रिकाम्या पोटाने लाकडी उतरणीवर उभी राहिली. एका स्वच्छ बाटलीत डब्यातला नमुना घेऊन तो मार्लीनच्या गाडीने विंगफील्डला प्रयोगशाळेकडे निघाला. तिने खिडकीतून विचारले तेव्हा, एक शंका आहे, एवढेच तो म्हणाला. त्याच्या तोंडी हा शब्द इतका नेहमीचा होता की तिने पुढे काही विचारले नाही.

सुटीच्या दिवशी प्रयोगशाळा त्याला नेहमीच आवडे. गरम पाण्याच्या टाकीची बारीक घरघर, काचनळ्यांच्या रांगा, कोणाच्याही मताची गरज नसलेली ती शांतता. उभे आयुष्य त्याने कोऱ्या तेलाची परीक्षा करण्यात घालविले होते आणि त्यामागे त्याचे एक तत्त्व होते. वापरलेले तेल तो पुरावा म्हणून स्वीकारीत नसे. इंजिनाच्या पोटातून निघालेल्या तेलात धूळ असते, काजळी असते, मालकाचा आळस असतो, मागच्या तेलाचा गाळ असतो. त्यातून तेलाचा दोष निवडून काढणे म्हणजे सासूसुनांच्या भांडणात निवाडा देणे. कोऱ्या तेलाला अजून कोणाची संगत लागलेली नसते. ते स्वतःविषयीच बोलते. अर्थात त्या बोलण्यालाही मर्यादा असते, हेही तो शिकाऊ मंडळींना न चुकता सांगे: कोरे तेल कशाचे बनले आहे हे सांगते, कसे वागेल हे सांगत नाही. आणि तिसरी गोष्ट, जी प्रत्येक दाखल्याच्या तळाशी छापलेली असे आणि जिचा त्याला विशेष अभिमान होता, ती अशी की हे निष्कर्ष केवळ प्रयोगशाळेला जसा मिळाला तशा नमुन्यापुरते आहेत. या वाक्यातला प्रत्येक शब्द त्याने स्वतः घासूनपुसून बसविला होता. त्यातून एक शब्द काढला तर ते खोटे झाले असते आणि एक घातला तर उद्धट.

काचनळीत तेल दोन खुणांच्या मधून उतरू लागले तेव्हा तो घड्याळाकडे पाहतच नव्हता. तेलाकडे पाहत होता. ते घाईने उतरले. मग ज्योतीच्या यंत्रात त्याने नमुना सोडला. निळसर हिरवा प्रकाश उजळला आणि पडद्यावर एकेक मूलद्रव्य आपली हजेरी देऊ लागले. जस्त होते, कॅल्शियम होते, बोरॉन होते, फॉस्फरस होता. सगळी मंडळी आली होती, पण प्रत्येकजण अर्ध्या अंगाने. आकडे कमी होते याचे त्याला तितकेसे काही वाटले नाही. त्याला बसायला लावले ते त्यांच्यामधल्या प्रमाणाने. जस्ताला इतके कॅल्शियम, कॅल्शियमला इतके बोरॉन, ही जुळणी तो डोळे मिटून ओळखू शके. ती कॉलिनची होती, कॉलिनच्या हस्ताक्षरासारखी. दुसऱ्या कोणाची असती तर ती अशी मोजून मापून अर्धी झाली नसती. हे त्याने पाहिले, आणि पाहूनही त्याच्यावरून नजर काढून घेतली, जशी रस्त्यात ओळखीचा माणूस नको त्या दारातून बाहेर पडताना दिसला की आपण काढून घेतो.

कॉलिन आणि तो एकाच वयाचे. तेल शुद्ध करण्याच्या कारखान्यातील प्रयोगशाळेत दोघेही नळ्या धुण्याच्या कामावर एकदमच लागले होते. कॉलिन बारोसा खोऱ्यातल्या जर्मन घराण्यातला, अंगापिंडाने आडवा, प्रत्येक गोष्ट हाताने करून पाहणारा. ॲल्विन कॉर्निश खाणकामगारांचा वंशज, काटकुळा, प्रत्येक गोष्ट वाक्यात मांडून पाहणारा. कॉलिन त्याला तेव्हापासूनच प्रोफेसर म्हणे. कारखाना बंद पडला तेव्हा कॉलिनने तेल मिसळण्याचा छोटा धंदा काढला आणि ॲल्विनने प्रयोगशाळा. दर गुरुवारी दुपारी कॉलिन नव्या घाण्याचा नमुना तपकिरी बाटलीत घालून स्वतः घेऊन येई, आणि दुसऱ्या हातात कागदात गुंडाळलेल्या, मांस-बटाटा भरलेल्या गरम पेस्टी असत. मागच्या अंगणात उलट्या पिंपांवर बसून ते खात, फुटबॉलवर भांडत, आणि बाटली दोघांच्या मध्ये उन्हात मधासारखी चमकत उभी असे. ते नमुने अप्रतिम असत. एवढ्या लहान कारखान्यातून असे तेल निघते याचे त्याला कौतुक वाटे. जगात फसवाफसवी पुष्कळ आहे, पण गुरुवारी दुपारी माझ्या टेबलावर एक खरी वस्तू येते, असे त्याच्या मनात कितीतरी वेळा येऊन गेले होते.

आणि म्हणूनच लेस्टर हॅनफोर्डचे प्रकरण त्याला त्या वेळी फार पटकन निकालात काढावेसे वाटले होते. हा लेस्टर उत्तरेला बालाक्लाव्हाकडे गहू पिकवणारा, उन्हाने भाजलेल्या मानेचा, हळू बोलणारा माणूस. ऐन कापणीत, कॉलिनचेच तेल घातलेले त्याच्या यंत्राचे इंजिन जाम झाले, आणि तो तेलाच्या व्यावसायिकांच्या बैठकीत काळ्या तेलाची एक बरणी घेऊन आला. तो म्हणत होता की सकाळी गार असताना इंजिनातले टॅपेट टिकटिक करायचे, गरम झाले की आवाज जायचा, म्हणून आपण लक्ष दिले नाही. ॲल्विनने ती बरणी उघडलीसुद्धा नाही. वापरलेले तेल मालकाविषयी जास्त आणि तेलाविषयी कमी सांगते, असे तो म्हणाला आणि सभेत हलकेसे हसू पिकले. त्या वेळी एलेनी कॅरस नावाची एक तरुण रसायनतज्ज्ञ उठली होती. तिने एवढेच सुचविले की नमुना बनवणाऱ्याने आणून द्यावा ही पद्धत सोडावी आणि दुकानाच्या फळीवरून, कोणाला न सांगता, विकत घ्यावा. ॲल्विनने तिला अतिशय सभ्यपणे, एकेक पायरी काढून घेत, खाली उतरविले. प्रयोगशाळेने टेबलावर आलेल्या वस्तूविषयी बोलावे. टेबलापलीकडच्या जगाविषयी संशय घेणे हे पोलिसांचे काम आहे, रसायनशास्त्राचे नव्हे. किती नेटके बोललो होतो, असे त्याला पुढे कित्येक दिवस आठवत राहिले. टाळ्या पडल्या. मागच्या रांगेत कॉलिन उभा राहून टाळ्या वाजवीत होता आणि त्याचे डोळे ओले झाले होते. लेस्टर हॅनफोर्ड बरणी कोटाच्या आत धरून, कोणाकडे न पाहता निघून गेला.

रविवारी सकाळी ॲल्विनने सेमफोरच्या समुद्राकाठच्या दुसऱ्या दुकानातून आणखी एक डबा घेतला. प्रयोगशाळेत त्याचीही तीच गत निघाली. पण आतापर्यंत त्याच्या बुद्धीने कॉलिनचे वकीलपत्र घेतले होते आणि ती जोरात चालू लागली होती. कोणीतरी बनावट करीत आहे. कॉलिनचे रिकामे डबे गोळा करून त्यांत हलके तेल भरीत आहे. प्रमाण जुळते? जुळणारच, त्याने कॉलिनचेच थोडे तेल स्वस्त तेलात मिसळले असेल. हा विचार सुचला तेव्हा तो इतका हलका झाला की त्याला रस्त्याच्या कडेला गाडी थांबवावी लागली. देवदारांच्या रांगेतून समुद्र दिसत होता, एक बाई कुत्र्याला टॉवेलने पुसत होती, आणि त्याला वाटले की आपण आपल्या मित्राला वाचवायला निघालो आहोत. बिचाऱ्याला पत्ताच नाही. गुडघा धरून घरी बसला आहे आणि बाजारात त्याचे नाव नासते आहे. त्याला हे कोणत्या शब्दांत सांगावे, याचीच त्याने घरी पोहोचेपर्यंत जुळवाजुळव केली: कॉलिन, तुझ्या नावाने कोणीतरी दुसराच तेल विकतो आहे. हे वाक्य चांगले होते. त्यात आरोप कोणावरच नव्हता.

दुपारी कॉलिनची गाडी दाराशी आली. वॅगन बंद पडून आहे असे मार्लीनने कॉलिनच्या बायकोला फोनवर सांगितले होते. तो काठी टेकीत उतरला, मागचे दार उघडून त्याने बहिणीकडचे धूर दिलेले सॉसेज काढले, ते वॅगनच्या बॉनेटवर ठेवले, आणि मग चंदेरी, कोरा डबा काढला. उशीर झाला त्याबद्दल त्याने गुडघ्याला शिव्या दिल्या. मग त्याची नजर नरसाळ्याशेजारच्या लाल-काळ्या डब्यावर गेली.

"अरे, ते नको घालूस तुझ्या गाडीत," तो म्हणाला.

किती सहज म्हणाला तो. झाडाखाली पडलेले लिंबू मुलाने तोंडात घालू नये म्हणून आई म्हणते, तसे. ॲल्विनच्या ओठांवर त्याचे चांगले वाक्य तयार होते, आणि ते तसेच राहिले. त्याला स्वतःचा आवाज ऐकू आला.

"का?"

"का म्हणजे? मी आणलंय ना तुझं."

"माझं आणि दुकानातलं वेगळं असतं?"

कॉलिनने हसून स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिले. मार्लीन आत पाठमोरी होती. "आज रविवारीही परीक्षा घेतोस काय, प्रोफेसर? सरक बाजूला, गुडघा दुखतोय, एकदा उभा राहिलोय तर ओतून टाकतो." आणि त्याने खाली वाकून नट घट्ट बसला आहे ना हे काठीच्या टोकाने ठोकून पाहिले, नरसाळे बसविले आणि डबा कलता केला.

धार पडली. ॲल्विन पाहत राहिला. ती घडी घालीत बसत होती, चकाकत होती, एकावर एक वळणे घेत निवांत आत उतरत होती, आणि त्याच्या मनगटाने ती ओळखली. इतक्या वर्षांत कोणतीही वस्तू त्याला इतकी सुंदर आणि इतकी असह्य वाटली नव्हती. तपकिरी बाटल्यांतले तेल हेच होते. म्हणजे त्या हिरव्या चिठ्ठीमागच्या दाखल्यात जे लिहिले होते ते तेल खरोखरच अस्तित्वात होते. फक्त ते एका काचनळीत आणि एका इंजिनात जात होते, आणि दोन्ही त्याचीच होती.

"मी दोन डबे तपासले," तो म्हणाला. "तुझंच आहे ते. अर्धं."

कॉलिनची धार हलली नाही. त्याने डबा पूर्ण रिता केला, शेवटचा तंतू आखडू दिला, झाकण लावले. मग तो बॉनेटला टेकून उभा राहिला आणि सांगू लागला, हवापाण्याविषयी सांगावे तसे. सुरुवात मोठ्या कंपन्यांनी भाव पाडले त्या साली. एवढा हिवाळा निभावून न्यावा म्हणून गाळून पुन्हा वापरात आणलेले तेल त्याने घातले होते. मग पुढचा हिवाळा. नंतर परत फिरायला वाटच उरली नाही. नमुना मात्र तो दर बुधवारी मागच्या खोलीत, एकटा बसून, उत्तम मूळ तेल घेऊन, हाताने बनवी. "खरं सांगू, मजा यायची," तो म्हणाला. "तुला आवडेल असं करायचं, हे डोक्यात धरून बसायचो. खरं तेल करायचं तेवढंच तर उरलं होतं माझ्याकडे."

"तू मला फसवलंस."

कॉलिनने त्याच्याकडे पाहिले, आणि ॲल्विनला दिसले की तो दुखावला आहे. खरोखर, मनापासून दुखावला आहे.

"ॲल, असं नको ना बोलूस. तुला माहीत होतं."

"मला माहीत नव्हतं."

"बरं. नव्हतं." हे तो लहान मुलाची समजूत काढावी तसे म्हणाला. "खाली छापतोस ना ते, जसा मिळाला तसा. पहिल्यांदा वाचलं तेव्हाच म्हटलं, आपल्या माणसानं आपल्यासाठी दार किलकिलं ठेवलंय. आणि ती कॅरस पोरगी बोलायला लागली त्या दिवशी तू उठलास. मी घरी जाऊन बायकोला सांगितलं, मित्र असावा तर असा. एका शब्दानं कधी बोलला नाही, पण सगळं सांभाळून घेतलं."

"मी तत्त्व मांडत होतो."

"तेच तर. किती सुंदर मांडलंस."

वाऱ्याने पत्रे वाजले. आयुष्यभर जपलेले एखादे भांडे दुसऱ्याने भलत्याच कामाला वापरलेले दिसावे, तसे त्याला त्याचे ते वाक्य दिसले, एकेक शब्द घासूनपुसून बसविलेले. फसवणूक समजते, तिच्यात एक फसवणारा असतो, एक फसलेला. त्याला त्यातली दुसरी जागाही मिळणार नव्हती. ज्या माणसाने त्याला फसविले तो त्याला भागीदार समजून प्रेम करीत आला होता. त्या पेस्टी, ते उलटे पिंप, ते ओले डोळे, सगळे खरे होते, आणि सगळे दुसऱ्याच कोणासाठी होते. ॲल्विन पॅस्को नावाच्या एका धूर्त, उदार माणसासाठी, जो कधी जन्मलाच नव्हता.

"गुरुवारी येऊ नकोस," तो शेवटी म्हणाला. "यापुढे नमुना मी फळीवरून घेईन. आणि जे निघेल ते लिहीन."

कॉलिनने काठी उचलली. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. "लिही. मी अडवणार नाही. पण लोक विचारतील, इतकी वर्षं काय बघत होतास? तू म्हणशील, माहीत नव्हतं. कोण मानेल, ॲल?" तो गाडीकडे वळला, आणि दार उघडता उघडता, जवळजवळ मायेने म्हणाला, "मीच मानत नाही."

गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत ॲल्विन तिथेच उभा होता. मग त्याने थाळी आणली, वॅगनखाली सरकविली आणि चेंबरचा नट सोडला. सोन्यासारखे, कोणाचीही संगत न लागलेले तेल थाळीत उतरू लागले. तो उकिडवा बसून ते पाहत होता, आणि शेवटचा तंतू आत आखडेपर्यंत त्याने नजर काढली नाही. नट बसविला. लाल-काळा डबा उचलला आणि त्यातले तेल नरसाळ्यात ओतले. ते थेंबाथेंबाने तुटत, घाईघाईने आत गेले. कमी पडले तेवढे दुसऱ्या डब्यातले घातले. गाडी उतरणीवरून खाली घेण्यासाठी त्याने किल्ली फिरविली, आणि बॉनेटखालून टिकटिक असा आवाज आला: बारीक, कोरडा, नखाने काचेवर ठोकत राहावे तसा.

मार्लीन हात पुसत दारात आली. "कसला रे हा आवाज? आपल्या गाडीला कधी नव्हता."

"सगळ्यांच्या गाडीला येतो तोच."

"मग? असाच राहणार?"

"गरम झाली की जातो. कोणाला कळतही नाही."

ती कॉलिन न जेवता का गेला हे विचारीत होती, बॉनेटवरचे सॉसेज उचलीत होती. त्याने काच खाली केली आणि बालाक्लाव्हाला जाऊन येतो, उशीर होईल, असे सांगितले. तेथे त्याच्या ओळखीचे कोणी नाही असेच तिला वाटत होते, आणि ती काही विचारणार तोच त्याने गाडी रस्त्यावर घेतली. गव्हाच्या सपाट मुलखात पोहोचेपर्यंत आवाज गेलेला असणार होता. लेस्टर हॅनफोर्डच्या अंगणात गाडी बंद करून, तो माणूस आपल्याशी बोलो न बोलो, इंजिन पुरते गार होईपर्यंत तो तिथे थांबणार होता, आणि मग त्याला जवळ बोलावून ती पुन्हा सुरू करणार होता.